पौल ला कूर

पौल ला कूर (जन्म : १३ एप्रिल १८४६, एबेल्टॉफ्टजवळ, डेन्मार्क, मृत्यू : २४ एप्रिल १९०८, आस्कोव्ह, डेन्मार्क) हे डॅनिश हवामानशास्त्रज्ञ, भौतिकशास्त्रज्ञ, संशोधक आणि शिक्षक होते. वाऱ्यापासून वीज निर्माण करण्याच्या तंत्राला प्रयोगसिद्ध शास्त्रीय पाया देणाऱ्या आरंभीच्या संशोधकांत त्यांचे नाव अग्रभागी घेतले जाते. जटलंड द्वीपकल्पातील आस्कोव्ह या खेड्यात, एका लोकविद्यालयाच्या आवारात, त्यांनी १८९१ मध्ये शासकीय अनुदानातून प्रयोगशील पवनचक्की उभारली आणि पुढील सुमारे सतरा वर्षे, म्हणजे मृत्यूपर्यंत, तिच्यावर काम केले.

त्यांना पुष्कळदा पवनविजेचे जनक म्हटले जाते. काटेकोरपणे पाहता ते योग्य नाही. स्कॉटलंडमध्ये जेम्स ब्लाइथ यांनी १८८७ मध्ये, तर अमेरिकेतील क्लीव्हलंड येथे चार्ल्स ब्रश यांनी त्यानंतर काही महिन्यांतच पवनचक्कीवर वीज निर्माण केली होती. परंतु त्या दोघांच्या चक्क्या प्रामुख्याने स्वतःच्या घराच्या उजेडापुरत्या होत्या. ला कूर यांच्यापुढचा प्रश्न वेगळा होता. वारा आपल्या मर्जीने वाहतो आणि माणसाला वीज मात्र हवी तेव्हा लागते. या दोहोंचा मेळ एखाद्या गावाला परवडेल अशा खर्चात कसा घालायचा, हा त्यांच्या संशोधनाचा गाभा होता. आज समुद्रातील पवनचक्क्या आणि सागरी लाटा यांची सांगड घालून वीज मिळवण्याचे जे प्रयत्न होत आहेत, त्यांच्या मुळाशीही हाच प्रश्न आहे.

पूर्वायुष्य आणि शिक्षण

ला कूर यांचा जन्म जटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरील एबेल्टॉफ्ट या गावाजवळच्या एका मोठ्या शेतवाडीत झाला. कुटुंब मूळचे फ्रेंच वंशाचे होते. त्यांच्या आडनावात ही खूण आजही दिसते. त्यांचे ज्येष्ठ बंधू यर्गन कार्ल ला कूर हे पुढे शेतीविषयाचे जाणकार म्हणून प्रसिद्धीस आले. शेती, गुरे आणि ग्रामीण अर्थव्यवस्था हे विषय घरात बोलण्याचे होते आणि पौल यांच्या पुढील आयुष्याला त्यांनी नकळत दिशा दिली असावी.

कोपनहेगन विद्यापीठात त्यांनी भौतिकशास्त्राचा व हवामानशास्त्राचा अभ्यास केला आणि १८६९ मध्ये पदवी मिळवली. १८७२ मध्ये डॅनिश हवामान संस्थेची स्थापना झाली. लष्करातील अधिकारी नील्स हॉफमायर हे तिचे पहिले संचालक झाले आणि अवघ्या सव्वीस वर्षांचे ला कूर उपसंचालक. हवामानाचे अंदाज त्या काळी तारायंत्रावर अवलंबून होते. दूरदूरच्या ठिकाणांवरून वायुभार आणि वारा यांच्या नोंदी तारेने वेळेवर आल्या, तरच नकाशा काढता येई. तार एक आणि संदेश अनेक, ही अडचण ला कूर यांच्या रोजच्या कामातलीच होती.

तारायंत्र आणि ध्वनिचक्र

या अडचणीतून त्यांचा पहिला महत्त्वाचा शोध जन्मला. नादकाट्याची कंप्रता ठरलेली असते. वेगवेगळ्या कंप्रतेच्या नादकाट्यांनी विजेचा प्रवाह ठरावीक गतीने खंडित केला आणि तो एकाच तारेतून पाठवला, तर दुसऱ्या टोकाला त्या त्या कंप्रतेचा नादकाटाच त्याला प्रतिसाद देईल आणि एका तारेतून एकाच वेळी अनेक संदेश जाऊ शकतील, अशी त्यांची कल्पना होती. १८७४ मध्ये त्यांनी तिचे प्रयोग केले. त्याच सुमारास अमेरिकेत एलिशा ग्रे आणि अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल हेही याच वाटेने चालले होते. बेल यांची वाट पुढे दूरध्वनीकडे वळली. शोधावरील अग्रहक्काच्या वादात ला कूर मागे पडले. छोट्या देशातला, भांडवलाचे पाठबळ नसलेला संशोधक अशा स्पर्धेत कुठवर टिकणार, याचा अनुभव त्यांनी येथे घेतला.

त्यानंतर त्यांनी ध्वनिचक्र तयार केले. लोखंडी दाते असलेले हे चाक विद्युत्चुंबकासमोर फिरते. नादकाट्याच्या प्रत्येक कंपनाबरोबर चुंबकाला प्रवाहाचा एक हिसका मिळतो आणि चाकाचा एक दाता पुढे ओढला जातो. नादकाटा चुकत नाही, म्हणून चाकाची गतीही बदलत नाही. दूर अंतरावरील दोन चाके अगदी एकाच लयीत फिरवणे यामुळे शक्य झाले आणि अमेरिकेत पॅट्रिक डिलेनी यांनी आपल्या बहुसंदेशी तारायंत्रात त्याचा उपयोग केला. इंग्लंडमध्ये लॉर्ड रॅले हेही स्वतंत्रपणे याच युक्तीपर्यंत पोहोचले होते. ला कूर यांना काही जण डेन्मार्कचे एडिसन म्हणत, ते या काळातील शोधांमुळे. मात्र या शोधांतून त्यांना संपत्ती लाभली नाही.

आस्कोव्हला प्रयाण

१८७८ मध्ये ला कूर यांनी राजधानी सोडली आणि आस्कोव्हच्या लोकविद्यालयात गणित व भौतिकशास्त्राचे शिक्षक म्हणून ते रुजू झाले. तारायंत्रातील निराशा हे त्याचे एक कारण असू शकेल, परंतु केवळ तेवढ्याने हा निर्णय उलगडत नाही. त्यासाठी लोकविद्यालयाची चळवळ समजून घ्यावी लागते.

धर्मोपदेशक, कवी आणि विचारवंत एन. एफ. एस. ग्रुंटविग यांच्या प्रेरणेने डेन्मार्कमध्ये ही विद्यालये सुरू झाली होती. शेतकरी कुटुंबांतील तरुण-तरुणींना हिवाळ्यात किंवा उन्हाळ्यात काही महिने एकत्र राहून शिकता यावे, परीक्षा व प्रमाणपत्रे यांचा जाच नसावा आणि शिक्षकाच्या जिवंत वाणीतून इतिहास, भाषा व विज्ञान त्यांच्यापर्यंत पोहोचावे, हे त्यांचे स्वरूप होते. पहिले लोकविद्यालय १८४४ मध्ये र्‍योडिंग येथे निघाले. १८६४ च्या युद्धात प्रशिया व ऑस्ट्रिया यांनी डेन्मार्कचा पराभव केला. श्लेस्विग आणि होल्स्टाइन हे प्रांत गेले आणि र्‍योडिंग नव्या सीमेच्या पलीकडे राहिले. तेथील शिक्षकांनी १८६५ मध्ये सीमेच्या अलीकडे आस्कोव्ह येथे पुन्हा विद्यालय मांडले. लुडविग श्रोडर हे त्याचे प्राचार्य होते. बाहेर जे गमावले ते आत मिळवले पाहिजे, अशी भावना त्या पिढीत प्रबळ होती. जटलंडच्या उजाड माळांवर वने लावणे, सहकारी दूधसंस्था काढणे आणि खेड्यांत विद्यालये चालवणे या सर्व कामांमागे तीच प्रेरणा दिसते.

१८७८ मध्ये आस्कोव्हचा अभ्यासक्रम वाढवून अधिक सखोल करण्यात आला. त्यासाठी जे नवे शिक्षक आले, त्यांत ला कूर होते. त्यांच्या पत्नी हुल्डा या इतिहासलेखक व राजकारणी फ्रेडरिक बारफोड यांच्या कन्या. बारफोड हे ग्रुंटविग यांच्या अनुयायांपैकी होते. त्यामुळे या वर्तुळाशी ला कूर यांचा संबंध आधीपासूनच होता.

गणिताचे अध्यापन

पवनचक्कीच्या प्रसिद्धीमुळे ला कूर यांच्या अध्यापनाकडे अनेकदा दुर्लक्ष होते. वास्तविक ते प्रथम शिक्षक होते. नांगर सोडून आलेल्या, शालेय शिक्षण बेताचेच असलेल्या प्रौढ विद्यार्थ्यांना भूमिती कशी शिकवावी? व्याख्या, प्रमेय, सिद्धता हा क्रम येथे चालणार नव्हता. त्यांनी ऐतिहासिक पद्धत स्वीकारली. माणसाला एखादा प्रश्न कधी पडला, तो का पडला, कोणी त्याचे उत्तर शोधले आणि कोठे चुकले, हे कथेच्या ओघात सांगत ते विद्यार्थ्याला त्या शोधाच्या दारापर्यंत नेत. शेवटचे पाऊल विद्यार्थ्याने टाकायचे.

या व्याख्यानांतून त्यांचा ऐतिहासिक गणित हा ग्रंथ १८८१ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे सहकारी याकोब आपेल यांच्यासह त्यांनी ऐतिहासिक भौतिकशास्त्र हा ग्रंथ १८९६-९७ मध्ये लिहिला. त्याची भाषांतरेही झाली. आपेल पुढे आस्कोव्हचे प्राचार्य आणि देशाचे शिक्षणमंत्री झाले. चक्कीसंबंधीच्या ला कूर यांच्या लेखनातही हीच शैली आहे. आधी जुनी गिरण चालवणारा कारागीर काय मानतो ते सांगायचे, मग ते मोजून पाहायचे.

प्रयोगशील पवनचक्की

१८९० च्या सुमारास विजेचे दिवे युरोपच्या शहरांत आले होते. वीजकेंद्रे कोळशावर चालत. डेन्मार्कमध्ये कोळसा नाही आणि चक्क्या बसवता येतील अशा मोठ्या धबधब्यांच्या नद्याही नाहीत. वीज शहरांपुरती राहिली, तर उद्योग व तरुण दोन्ही शहरांकडे जातील आणि खेडी ओस पडतील, ही ला कूर यांची चिंता होती. सपाट, समुद्रवेढ्या देशात मुबलक असलेली एकच गोष्ट म्हणजे वारा. हजारो पवनचक्क्या तेथे पिढ्यान्‌पिढ्या धान्य दळत होत्या.

दळणाचे काम आणि विजेचे काम यांत मात्र महत्त्वाचा फरक आहे. वारा मंदावला तर दळणारा थांबतो आणि दुसऱ्या दिवशी दळतो. दिवा असा थांबू शकत नाही. शिवाय वाऱ्याची शक्ती त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग दुप्पट झाला की शक्ती आठपट होते आणि निम्मा झाला की एक अष्टमांश उरते. इतक्या चंचल प्रेरणेवर जनित्र चालवले, तर विद्युत्दाब सतत वरखाली होत राहणार.

ला कूर यांनी सरकारकडे अनुदान मागितले. ते मिळाले आणि १८९१ मध्ये आस्कोव्हच्या आवारात पहिली प्रयोगशील चक्की उभी राहिली. प्रश्नाचे त्यांनी दोन भाग केले. क्षणोक्षणीचा चढउतार हा एक, आणि तासन्‌तास किंवा दिवसेंदिवस वारा पडून राहणे हा दुसरा.

पहिल्या भागावर त्यांनी काढलेला उपाय अतिशय साधा होता. चक्कीच्या आसाकडून जनित्राकडे गती नेणारा पट्टा वजन टांगलेल्या झुलत्या दांडीवरील चाकावरून त्यांनी नेला. झोत वाढून ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक ओढ आली की दांडी झुकते, पट्टा ढिला पडून घसरतो आणि जनित्राला मिळणारा जोर कायम राहतो. या नियामकाला त्यांनी क्रॅटोस्टॅट हे नाव दिले. त्याची रचना त्यांनी पुढे आणखी सोपी केली. गावातल्या लोहाराला दुरुस्त करता येईल इतपत ती सोपी असावी, याकडे त्यांचे लक्ष होते.

हायड्रोजनचा साठा

दुसऱ्या भागासाठी साठवणूक आवश्यक होती. विद्युत्घट त्या काळी महाग होते आणि लवकर निकामी होत. म्हणून ला कूर यांनी वेगळा मार्ग घेतला. चक्कीवरून मिळणारा एकदिश प्रवाह पाण्यातून नेऊन त्याचे विद्युत् अपघटन करायचे, मिळणारा हायड्रोजन आणि ऑक्सिजन टाक्यांत साठवायचा आणि हवा तेव्हा जाळायचा. अपघटनाच्या यंत्रासाठी इटलीतील पॉम्पेओ गारूटी यांच्या पद्धतीचा त्यांनी उपयोग केला. हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांच्या ज्योतीने घन पदार्थ तापवला की तो पांढरा, प्रखर प्रकाश देतो. १८९५ पासून १९०२ पर्यंत आस्कोव्हचे विद्यालय या प्रकाशात उजळत होते. हिवाळ्यात दुपारीच अंधारून येणाऱ्या त्या प्रदेशात शेतकऱ्यांची मुले वाऱ्यापासून साठवलेल्या उजेडात वाचत होती.

हा प्रयोग निर्धोक नव्हता. हायड्रोजनमध्ये थोडा ऑक्सिजन मिसळला की स्फोट होई आणि विद्यालयाच्या इमारतींच्या काचा अनेकदा नव्याने बसवाव्या लागल्या. राहत्या विद्यार्थ्यांच्या आवारात असे प्रयोग करणे आजच्या नियमांत बसले नसते. या वायूवर इंजिन चालवण्याचाही ला कूर यांचा विचार होता; तो तडीस गेला नाही. दिव्यांपुरता हायड्रोजन उपयोगी पडला, पण गावातील यंत्रे त्यावर चालू शकली नाहीत, आणि विद्युत्घट सुधारताच ला कूर यांनी तो मार्ग सोडून दिला. अलीकडे हरित हायड्रोजनच्या निमित्ताने या प्रयोगाचा गौरव केला जातो. त्यात ला कूर यांनी स्वतः तो का सोडला, हा भाग बहुधा गाळला जातो.

वातविवरातील मोजमापे

१८९७ मध्ये पहिलीपेक्षा मोठी चक्की बांधण्यात आली. तत्पूर्वी पाते कसे असावे, हे ठरवण्यासाठी ला कूर यांनी वातविवर तयार केले. वातविवर म्हणजे पंख्याने नियंत्रित वारा सोडता येईल अशी नळी. तिच्या तोंडाशी पवनचक्कीच्या छोट्या प्रतिकृती ठेवून प्रत्येक आकाराची शक्ती त्यांनी मोजली. कोपनहेगनमधील अभियंते योहान इर्मिंगर आणि एच. सी. फोग्ट यांनी याच दशकात असे दाखवले होते की वाऱ्यात धरलेल्या फळीवर केवळ समोरून दाब पडत नाही. तिच्या मागील बाजूने ओढही निर्माण होते आणि ती ओढ अनेकदा दाबापेक्षा मोठी असते. विमानाचे उड्डाण ज्या तत्त्वावर आधारलेले आहे, तेच हे तत्त्व होय.

या मोजमापांतून काही रूढ समजुती मोडल्या. अमेरिकी पद्धतीच्या चक्क्यांत वाऱ्याला अडवण्यासाठी चक्र पात्यांनी गच्च भरलेले असे. विहिरीचा जड पंप सुरू करण्यास ती रचना चांगली, पण जनित्राला वेग हवा असतो. पाती मोजकी असावीत, ती किंचित वळलेली व पिळलेली असावीत आणि टोकाशी त्यांचा कोन मुळापेक्षा कमी असावा, तरच चक्र वेगाने फिरते आणि त्याच वाऱ्यातून अधिक शक्ती मिळते, असे त्यांना आढळले. त्यांच्या आदर्श चक्कीला चारच पाती होती. ही निरीक्षणे त्यांनी १९०० आणि १९०३ मध्ये प्रयोगशील चक्कीच्या अहवालांत प्रसिद्ध केली. फ्यून बेटावरील लुकेगोर यांच्या कारखान्याने पुढे या धर्तीच्या चक्क्या बांधल्या.

गावाची वीज आणि गावाचे वीजतंत्री

विसाव्या शतकाच्या आरंभी विद्युत्घट अधिक भरवशाचे झाले. आस्कोव्हच्या चक्कीला घटांची जोड देण्यात आली आणि विद्यालयाबरोबर गावातील घरांनाही वीज मिळू लागली. वारा मंदावला तर घटांतील वीज उलटी जनित्राकडे वाहू नये, यासाठी स्वयंचलित खटका होता. लांबलेल्या शांत हवेसाठी तेलावर चालणारे इंजिनही जोडीला असे. केवळ वाऱ्यावर गाव चालेल, असा दावा ला कूर यांनी केला नाही. वारा, साठा आणि पर्यायी इंजिन यांची जोडणी हाच त्यांच्या ग्रामीण वीजकेंद्राचा आराखडा होता.

१९०३ मध्ये त्यांच्या पुढाकाराने डॅनिश पवनविद्युत् संस्था स्थापन झाली. गावांना वीजकेंद्राची आखणी करून देणे, अंदाजपत्रक तयार करणे आणि देखभालीचा सल्ला देणे हे तिचे काम होते. १९०४ पासून आस्कोव्ह येथे ग्रामीण वीजतंत्र्यांचे अभ्यासक्रम सुरू झाले. शेतकऱ्यांच्या व कारागिरांच्या मुलांना तारजोडणी, विद्युत्घट, जनित्र आणि मोजमापे शिकवून गावी परत पाठवले जाई. पवनविजेला वाहिलेले एक नियतकालिकही त्यांनी चालवले. तारायंत्राच्या बाबतीत जे घडले, ते येथे घडू नये याची ही व्यवस्था होती. ज्ञान एकाच माणसाजवळ किंवा एकाच कंपनीजवळ राहू नये, अशी तिची रचना होती.

२४ एप्रिल १९०८ रोजी, वयाची बासष्ट वर्षे पूर्ण झाल्यानंतर अकराव्या दिवशी, ला कूर यांचे आस्कोव्ह येथे निधन झाले. त्यांचे पुत्र डॅन ला कूर हे भूचुंबकत्वाचे नामांकित अभ्यासक झाले. पित्याने जेथे उपसंचालकपद सोडले होते, त्याच हवामान संस्थेचे ते १९२३ पासून संचालक होते.

उत्तरकाळ

पहिल्या महायुद्धात कोळसा आणि तेल यांची टंचाई झाली, तेव्हा ला कूर यांच्या आराखड्याची कसोटी लागली. १९१८ च्या सुमारास डेन्मार्कमधील सुमारे १२० स्थानिक वीजकेंद्रांजवळ पवनचक्की होती. त्यांची क्षमता सामान्यतः २० ते ३५ किलोवॅट असे आणि देशाच्या वीजवापरापैकी सुमारे ३ टक्के वीज त्यांतून मिळे. युद्ध संपले, तेल स्वस्त झाले. मोठ्या केंद्रांतून प्रत्यावर्ती प्रवाह दूरवर नेता येऊ लागला आणि एकदिश प्रवाहावर चालणारी खेड्यांतील छोटी केंद्रे मागे पडली.

तरी धागा तुटला नाही. १९०४ च्या अभ्यासक्रमातील विद्यार्थ्यांत योहानेस यूल हा सतरा वर्षांचा मुलगा होता. तो वीजतंत्री झाला, वीज कंपनीत अभियंता झाला आणि उतारवयात त्याने पवनचक्कीचा विषय पुन्हा हाती घेतला. यूल यांनी गेडसर येथे उभारलेली २०० किलोवॅटची तीन पात्यांची चक्की १९५७ मध्ये सुरू झाली आणि ती प्रत्यावर्ती प्रवाह थेट जाळ्यात सोडत असे. ती सुमारे दहा वर्षे चालली. १९७० च्या दशकातील तेलसंकटानंतर डेन्मार्कमध्ये जी पवनचक्की उद्योगाची वाढ झाली, तिला हीच तीन पात्यांची रचना आधारभूत ठरली. आज देशाच्या विजेपैकी सुमारे निम्मी वीज वाऱ्यापासून येते.

वारा आणि लाटा

१९९१ मध्ये, आस्कोव्हच्या पहिल्या चक्कीला शंभर वर्षे झाली त्याच वर्षी, डेन्मार्कच्या लोलंड बेटाजवळ विंडेबी येथे समुद्रातील जगातला पहिला पवनऊर्जा प्रकल्प सुरू झाला. त्यात प्रत्येकी ४५० किलोवॅटच्या अकरा चक्क्या होत्या. २०१७ मध्ये तो उतरवण्यात आला. समुद्रावर अडथळे नसल्यामुळे वारा अधिक जोरदार आणि अधिक सलग असतो. परंतु तेथेही तो पडतोच. ला कूर यांच्यापुढील दुसरा भाग, म्हणजे लांबलेली शांतता, येथेही कायम राहते.

या ठिकाणी लाटांचा विचार येतो. लाट ही वाऱ्याचीच निर्मिती आहे. दूरवर वाहणारा वारा पाण्याला शक्ती देतो आणि ती शक्ती लाटांच्या रूपाने शेकडो, क्वचित हजारो किलोमीटर प्रवास करते. वारा थांबला तरी समुद्र लगेच शांत होत नाही. आलेली उसळी कित्येक तास टिकते. लाट ही एका अर्थाने वाऱ्याची साठवलेली शक्तीच होय, आणि या साठ्याला टाकी लागत नाही. पवनचक्की आणि लहरयंत्र एकाच जागी बसवले, तर एकाचे उत्पादन उतरत असताना दुसऱ्याचे काही काळ टिकते. किनाऱ्यापर्यंतची विद्युत्‌वाहिनी, तरंगता पाया आणि देखभालीची जहाजे यांचा खर्चही दोघांत विभागला जातो.

हा लाभ सर्वत्र सारखा नसतो. अटलांटिकसारख्या खुल्या महासागराच्या किनाऱ्यावर दूरच्या वादळांतून येणाऱ्या लाटा स्थानिक वाऱ्यावर अवलंबून नसतात, त्यामुळे तेथे सांगड फलदायी ठरते. बंदिस्त समुद्रांत मात्र लाटा स्थानिक वाऱ्याबरोबर उठतात आणि बऱ्याच अंशी त्याच्याबरोबरच विरतात. डेन्मार्कच्या अंतर्गत सामुद्रधुन्या या दुसऱ्या प्रकारात मोडतात. लाटांचे यंत्र हे पवनचक्कीपेक्षा कितीतरी अधिक मार खाते, हीही अडचण आहे. पाणी हवेपेक्षा सुमारे आठशे पट घन असल्यामुळे वादळात त्याचा आघात प्रचंड असतो. पवनचक्कीची रचना दीर्घ काळापूर्वी तीन पात्यांवर स्थिरावली; लहरयंत्रांची अशी एक मान्य रचना अद्याप झालेली नाही. आस्कोव्हच्या वातविवरात पात्यांचा जो निवाडा झाला, तसा निवाडा लाटांच्या क्षेत्रात व्हायचा आहे.

डेन्मार्कमध्ये या दिशेने झालेला उल्लेखनीय प्रयोग म्हणजे पोसायडन हा तरंगता तराफा. सुमारे ३७ मीटर रुंदीचा हा तराफा २००८ मध्ये विंडेबी प्रकल्पाजवळच, ऑन्सेविग बंदरासमोर, पाण्यात उतरवण्यात आला. त्याच्या पुढील बाजूस असलेले तरंगक लाटांबरोबर वरखाली होत आणि त्या हालचालीतून वीज मिळे. पुढे त्यावर तीन लहान पवनचक्क्या बसवण्यात आल्या. तरंगक लाटांची शक्ती शोषून घेत असल्यामुळे मागील पाणी शांत होते आणि चक्क्यांचा पाया कमी डोलतो, ही त्यामागील कल्पना होती. तराफा एकाच ठिकाणी नांगरलेला असल्यामुळे तो आपोआप लाटांकडे तोंड करून वळे. जुन्या पवनचक्क्यांचे डोके वाऱ्याकडे वळवावे लागे, तसाच हा प्रकार. दोन्ही मार्गांनी मिळालेली वीज जाळ्यात सोडण्यात आली. हा तराफा चाचणीपुरता होता आणि त्याची क्षमता लहानच होती.

स्मृती

आस्कोव्ह येथील ला कूर यांच्या चक्कीची जागा संग्रहालय म्हणून जतन करण्यात आली असून तेथे त्यांची उपकरणे व प्रतिकृती पाहावयास मिळतात. डेन्मार्कच्या तांत्रिक विद्यापीठाच्या रिसो येथील संशोधन परिसरात २०१८ मध्ये पवनचक्कीच्या पात्यांच्या चाचणीसाठी मोठे वातविवर सुरू झाले. त्याला पौल ला कूर यांचे नाव देण्यात आले आहे.